बिनशिंगी वासरं: वनस्पतींना दिलेली जनुक-संपादनाची सूट जनावरांनाही द्यावी का?

डागणी_नको: मार्च 2022 मध्ये केंद्राने परकं जनुक न उरलेल्या संपादित वनस्पतींना (एसडीएन-1: डीएनए कापून केलेला बदल; एसडीएन-2: साचा देऊन केलेला छोटा बदल) जनुक-बदललेल्या जीवांवरच्या 1989च्या नियमांतल्या 7 ते 11 या कलमांतून मोकळं केलं. जनावरं तिथेच अडकली. बिनशिंगीपणाचं जनुकरूप अँगस या मांसाच्या गोजातीत निसर्गतःच आहे. तेच होल्स्टीन या दुधाळ जातीत आणलं तर त्यात परकं काय? वासरांच्या शिंगकळ्या तापल्या लोखंडाने डागणं तरी सुटेल. सूट द्याच.

कळपनोंद: परकं काय ते 'बुरी'ला विचारा. 2015 मध्ये अमेरिकेत टॅलेन (डीएनए ठरावीक जागी कापणारं विकर) वापरून जन्माला घातलेल्या दोन बिनशिंगी वळूंपैकी हा एक. सगळं ठीक आहे असंच सांगितलं गेलं होतं. 2019 मध्ये एफडीएच्या (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या) शास्त्रज्ञांनी त्याचा जीनोम (सगळा डीएनए) पुन्हा चाळला, तर साचा वाहून नेणारं प्लाझ्मिडही (जिवाणूंतलं डीएनएचं कडं) आत बसलेलं, प्रतिजैविक-प्रतिकाराच्या जनुकांसकट! हवा तो तुकडा हव्या जागी बसला का, एवढंच पाहिलं की अशी भेसळ निसटते.

डागणी_नको: पुढचंही सांगा की. भेसळ जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर होती. बुरीच्या सहा वासरांपैकी चौघांत ती उतरली, दोघं स्वच्छ निघाली. म्हणजे एका पिढीत निवडून काढता येते. अख्खा जीनोम प्लाझ्मिडच्या क्रमाशी ताडून पाहणं सक्तीचं करा, विषय संपला.

सुई_आधी: एवढा खटाटोप कशाला? 2% लिग्नोकेन (बधिर करणारं औषध), दोन्ही बाजूंना साधारण 5 मिली, डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध, हाडाच्या कंगोऱ्याखाली. 10 मिनिटं थांबा, टोचून बघा, मगच डागा, कळीभोवती तांबूस कडं दिसेपर्यंत. सोबत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, वजनाच्या किलोला 0.5 मिग्रॅ. कडं अर्धवट राहिलं की खुरटं, वेडंवाकडं शिंग येतं. वासरू दोन महिन्यांचं झालं की कळी कवटीला धरते. मग ते डागणं नाही, कापणं. आणि नैसर्गिक बिनशिंगी होल्स्टीनचं वीर्य मिळतं. वळूत त्या जनुकरूपाच्या दोन्ही प्रती असतील तर सगळी वासरं बिनशिंगी.

डागणी_नको: त्या वळूंचा साठा लहान. तेच तेच वापरलं की सगोत्र पैदास वाढते. संपादन केलं तर उत्तम दुधाची रेघ हातची जात नाही.

कळपनोंद: माझी खरी अडचण बिनशिंगी वासरू नाहीच. काश्मीरच्या कृषी विद्यापीठात 2024 अखेर मायोस्टॅटिन (स्नायूंची वाढ रोखणारं जनुक) संपादित मेंढी जन्मली. मांस जास्त, परका डीएनए शून्य. वनस्पतींचा निकष लावला तर हा एसडीएन-1, सगळ्यात आधी सुटणार. आणि मायोस्टॅटिनचा बिघाड 'नैसर्गिक'ही आहे: बेल्जियन ब्लू ही स्नायूंनी फुगलेली गोजात बघा, बहुतेक गायी सिझेरियननेच वितात. तुमची सूट वेदना कमी करणाऱ्याला आणि वाढवणाऱ्याला एकाच दारातून सोडते.

डागणी_नको: बरं, 'निसर्गात आहे' एवढ्यावरची मागणी मागे घेतो. मग अट अशी घाला: जीनोम तपासणी, शिवाय संपादित माद्यांच्या दोन पिढ्यांची विण्याची नोंद.

सुई_आधी: गायीच्या दोन पिढ्या म्हणजे पाचेक वर्षं. तोवर लिग्नोकेन तरी टोचा.