नमुने कोणी द्यायचे आणि लस कोणाला मिळायची?

सूक्ष्मदर्शी: इंडोनेशियाने 2007 मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने अडवून साऱ्या जगाला वेठीस धरले, हे कालच्या धाग्यातले विधान मला अत्यंत अन्यायकारक वाटते. आपणच दिलेल्या विषाणूपासून ऑस्ट्रेलियातील कंपनी लस तयार करत आहे आणि ती आपल्या जनतेला परवडणार नाही, हे दिसल्यावर आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी नमुने रोखले. ज्यांची माणसे मरत आहेत त्यांनी मुकाट्याने नमुने पाठवावेत आणि लसीच्या वेळी मागे थांबावे, याला मी सहकार्य मानत नाही.

जुना तंत्रज्ञ: कारण समजते, मार्ग मुळीच पटत नाही. इन्फ्लुएन्झावर नजर ठेवणारी प्रयोगशाळांची साखळी 1952 पासून केवळ नमुन्यांवर उभी आहे. विषाणू माणसातून माणसात सहज पसरू लागला आणि नमुनेच आले नाहीत, तर पहिला फटका इंडोनेशियाच्याच खेड्यांना बसला असता. सौदेबाजीसाठी हे हत्यार वापरणे बेजबाबदारपणाचे होते.

कसबा पेठ: बेजबाबदार कोण, हे आम्ही 2009 च्या ऑगस्टमध्ये पाहिले. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, आणि तापाने फणफणलेल्या बहिणीला घेऊन मी तपासणीच्या रांगेत तासन्‌तास उभा होतो. त्या वेळी श्रीमंत देशांनी लस आगाऊ नोंदवून ठेवली होती.

जुना तंत्रज्ञ: नाकातून देण्याची लस तुमच्याच पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली, आणि तिचा मूळ विषाणू सेंट पीटर्सबर्गच्या संस्थेकडून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आला होता. हेही सांगा.

कसबा पेठ: ती बाजारात आली जुलै 2010 मध्ये, आणि 10 ऑगस्टला संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले! ज्यांच्या घरातले माणूस आधीच गेले, त्यांच्यासमोर हा दाखला देण्याचे धैर्य तुम्हाला होईल का?

जुना तंत्रज्ञ: माझ्यावर आवाज चढवून लस लवकर तयार होत नसते. तिला महिने लागतात, आणि नमुना उशिरा मिळाला तर आणखी लागतात.

सूक्ष्मदर्शी: उशीर उत्पादनामुळे झाला, हे मान्य, पण तयार झालेली लस कोणाला द्यायची, हा निर्णय माणसांचा होता. ऑस्ट्रेलियाने स्वतःची गरज भागेपर्यंत अमेरिकेलासुद्धा थांबवले. फ्लूच्या विषाणूंचे नमुने आणि लस यांच्या वाटपासाठी संघटनेच्या सदस्य देशांनी केलेल्या 2011 च्या आराखड्यात महासाथीच्या लसीचा सुमारे 10 टक्के वाटा संघटनेला मिळण्याची तरतूद झाली, ती इंडोनेशिया अडून बसला म्हणूनच.

जुना तंत्रज्ञ: तेवढे मान्य करणे भाग आहे. तरीही हंगामी फ्लू त्या आराखड्याबाहेरच राहिला, आणि मे 2025 मध्ये संघटनेच्या सदस्य देशांनी महासाथींना तोंड देण्यासाठीचा महासाथ करार संमत करताना नमुने व लाभांच्या वाटपाचे जोडपत्र पुढच्या वाटाघाटींवर सोडले गेले. तोपर्यंत नमुने थांबता कामा नयेत, या मतावर मी ठाम आहे.