मदत हवी आहे: मॉरिशसमध्ये मुलांना फ्रेंच अभ्यासक्रमाच्या शाळेत घालावे का?

नमस्कार मंडळी,

माझ्या यजमानांची बदली येत्या जुलैमध्ये पुण्याहून मॉरिशसला, एबेन येथील कार्यालयात होत आहे. करार तीन वर्षांचा असून तो आणखी दोन वर्षे वाढण्याची शक्यता आहे. मुलगी सध्या सीबीएसईच्या शाळेत तिसरीत शिकते आणि एप्रिलमध्ये चौथीत जाईल. मुलगा यंदा पाच वर्षांचा होईल. घरात आम्ही मराठी बोलतो, मुलीचे आजवरचे शिक्षण इंग्रजीतून झाले आहे आणि फ्रेंच आमच्यापैकी कोणालाही येत नाही. शुल्काचा बराचसा भाग कंपनी देणार असल्यामुळे प्रश्न मुख्यतः पैशांचा नाही, मुलांच्या शिक्षणाचा धागा तुटू नये हा आहे.

तिथल्या शाळांविषयी मी आतापर्यंत जी माहिती गोळा केली आहे ती आधी मांडते, म्हणजे चुकत असल्यास कोणी दुरुस्त करू शकेल. सरकारी शाळांमध्ये पाठ्यपुस्तके इंग्रजी असून फ्रेंच हा विषय सर्वांना शिकावा लागतो, आणि घरात व रस्त्यावर लोक क्रिओल बोलतात. खासगी शाळांपैकी काही केंब्रिज किंवा आयबी अभ्यासक्रम शिकवतात, तर काही थेट फ्रान्सचा राष्ट्रीय अभ्यासक्रम चालवतात. क्युरपीपची लिसे (फ्रेंच व्यवस्थेतील उच्च माध्यमिक शाळा) ला बूर्दोने १९५३ पासून आहे. उत्तरेला मापू येथे एकोल द्यू नॉर आहे. आणि आमच्या कार्यालयाला जवळ पडेल अशा मोका भागात एकोल द्यू सांत्र व तिला जोडलेले कॉलेज (म्हणजे फ्रेंच व्यवस्थेतील कनिष्ठ माध्यमिक शाळा) पिएर प्वाव्र आहे, जिथून मुले पुढे लिसे दे मास्कारेनला जाऊ शकतात. परदेशांतील फ्रेंच शाळांच्या जाळ्यावर १९९० मध्ये स्थापन झालेली एईएफई ही फ्रान्स सरकारची संस्था देखरेख करते आणि त्या जाळ्यात १३० हून अधिक देशांतील सुमारे ६०० शाळा आहेत, त्यामुळे उद्या आमची बदली दुबईला किंवा सिंगापूरला झाली तरी तोच अभ्यासक्रम पुढे चालू राहील, हे मला फार मोलाचे वाटते.

मुलाच्या बाबतीत मला विशेष काळजी नाही. फ्रेंच शाळेत मूल कोणत्या वर्गात बसणार हे त्याच्या जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून ठरते, त्या हिशेबाने तो बालवर्गाच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे ग्रांद सेक्सियोंमध्ये जाईल. वाचन-लेखनाचे रीतसर शिक्षण त्यानंतरच्या सेपे या वर्गात, म्हणजे प्राथमिकच्या पहिल्या वर्षात, सुरू होते, म्हणून भाषा कानावर पडण्यासाठी त्याला एक पूर्ण वर्ष मिळेल. मुलीला मात्र ऑगस्टमध्ये सेएम १ म्हणजे प्राथमिकच्या चौथ्या वर्षात बसावे लागेल, आणि तिथे तिच्या वयाची मुले फ्रेंचमधून निबंध लिहीत असतील. ती वाचनात रमणारी, वर्गात हात वर करून उत्तर देणारी मुलगी आहे. तिचा तो आत्मविश्वास दोन वर्षे मुका होऊन बसेल का, याची मला खरी धास्ती आहे.

आमच्यापुढे तीन पर्याय आहेत. दोघांनाही फ्रेंच शाळेत घालावे, दोघांनाही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालावे, किंवा दोघांच्या शाळा वेगळ्या ठेवाव्यात. ज्यांनी मोठ्या वयाचे मूल फ्रेंच अभ्यासक्रमात घातले आहे, किंवा तिथून भारतात परत आणले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मॉरिशसमध्ये मराठी समाज मोठा आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते हे मला माहीत आहे. मुलांच्या मराठीसाठी तिचा उपयोग कसा करून घेता येईल हेही जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद

नमस्कार ताई,

आमची दोन्ही मुले काही वर्षे फ्रेंच अभ्यासक्रमात होती आणि नंतर आम्ही भारतात परतलो, म्हणून लिहितो. तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे, परंतु निर्णयाचे खरे ठिकाण मला वेगळे दिसते. मुलीला फ्रेंच जमेल का, यापेक्षा ती नववीत कुठे बसणार, हा प्रश्न तुम्ही आधी सोडवावा.

हिशेब मांडून पाहा. यंदाच्या ऑगस्टमध्ये सेएम १, त्यानंतर सेएम २, मग माध्यमिकचे पहिले वर्ष सिझियेम. तीन वर्षांनी, सिझियेम पूर्ण करून तुम्ही जुलैमध्ये परतलात, तर भारतात सातवीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालेले असेल. तीन महिन्यांचा अभ्यास भरून काढणे त्या इयत्तेत अवघड नाही. पाच वर्षे राहिलात तर मात्र ती जुलैमध्ये कात्रियेम, म्हणजे माध्यमिकचे तिसरे वर्ष, संपवेल आणि इथे तिच्या वयाच्या मुलांची नववी सुरू होऊन गेलेली असेल. नववी आणि दहावी हा सीबीएसईत सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरला जातो व थेट दहावीत प्रवेश सहजी मिळत नाही, त्यामुळे त्या वर्षी एकतर मार्चमध्येच तिला शाळेतून काढावे लागेल किंवा नववीत उशिरा बसवावे लागेल. तिने तिथेच राहून पुढे फ्रेंच बॅकालोरिया (शालेय शिक्षणाच्या शेवटची परीक्षा) करायचे असेल तर ही अडचण उरत नाही. तो मार्ग चांगला आहे: प्रेमियेर या शेवटून दुसऱ्या वर्षी तीन विशेष विषय, तेर्मिनाल या शेवटच्या वर्षी त्यांतले दोन, आणि गुणांपैकी ६० टक्के अंतिम परीक्षांचे व ४० टक्के वर्षभराच्या मूल्यमापनाचे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हा तिथे एकच विषय असल्यामुळे त्याच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र घेता येते, म्हणून अभियांत्रिकी अथवा वैद्यकीय शिक्षणाची वाट बंद होत नाही. भारतात प्रवेश घेताना भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षता प्रमाणपत्र लागते, तेवढे ध्यानात ठेवावे.

आता भाषेविषयी. सेएम १, सेएम २ आणि सिझियेम ही तीन वर्षे फ्रेंच व्यवस्थेत एकाच टप्प्यात मोडतात, आणि तुमची मुलगी नेमकी त्या टप्प्याच्या उंबरठ्यावर येते आहे, ही जमेची बाजू आहे. मॉरिशसमध्ये वर्तमानपत्रे फ्रेंच, दुकानातला संवाद क्रिओल आणि क्रिओलचा शब्दसंग्रह बहुतांशी फ्रेंचमधून आलेला, त्यामुळे शाळेबाहेरही भाषा कानावर पडत राहते. मुले सहा महिन्यांत खेळाच्या मैदानावर बोलू लागतात. मात्र इतिहासाचा धडा वाचून उत्तर लिहिण्याइतकी भाषा यायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, आणि पालक नेमके इथे फसतात. गणितातही आरंभी अडखळायला होते. तिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, भागाकारात भाजक उजवीकडे आणि भागाकाराचे उत्तर त्याच्या खाली मांडतात, आणि वह्यांच्या बारीक आडव्या रेघांवर जोडलेल्या अक्षरांत लिहावे लागते. शिक्षकांनी सांगितलेला मजकूर ऐकून जसाच्या तसा लिहिणे, म्हणजे दिक्ते, हा नियमित सराव असतो आणि नव्या मुलांना सुरुवातीला त्यातच सर्वांत कमी गुण मिळतात. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

शाळेला भेट द्याल तेव्हा इमारत आणि पोहण्याचा तलाव पाहण्यात वेळ घालवू नका. फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची मान्यता कोणकोणत्या इयत्तांना आहे, हे लेखी विचारा, कारण ती शाळेला सरसकट मिळत नसून स्तरानुसार मिळते. फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा तास आहे का, तो आठवड्यातून किती वेळ असतो आणि त्या वेळी वर्गात कोणता विषय चुकतो, हे विचारा. या शेवटच्या प्रश्नाचे नेमके उत्तर ज्या शाळेकडे असेल, त्या शाळेने हे काम खरोखर केलेले आहे असे समजावे. पहिल्या प्रवेशाचे शुल्क परत मिळते का आणि ते कंपनी भरणार का, तेही पाहावे. फ्रान्स सरकारची शिष्यवृत्ती फ्रेंच नागरिकांच्याच मुलांना मिळते.

माझे स्पष्ट मत असे. मुलाला निःशंकपणे फ्रेंच शाळेत घाला. करार तीन वर्षांचाच राहणार असेल आणि नंतर पुण्याला परतणे नक्की असेल, तर मुलीला इंग्रजी माध्यमात ठेवा. फ्रेंच ती तिथेही विषय म्हणून शिकेल. पुढची बदली फ्रेंच शाळा असलेल्या शहरात होण्याची खरीखुरी शक्यता असेल, तर तिलाही फ्रेंच शाळेत घाला आणि आतापासून जुलैपर्यंत आलियाँस फ्रांसेज द पुणे येथे वर्ग लावा. भारतात अशा शाळा मुंबई, दिल्ली आणि पुदुच्चेरी येथे आहेत, तोही विचार करून ठेवावा. मराठीचे म्हणाल तर शाळेवर विसंबू नका; वाचन-लेखन घरीच रोज थोडे थोडे करून घ्या आणि महात्मा गांधी संस्थेत मुलांसाठी काही वर्ग चालतात का, याची तिथे पोहोचल्यावर प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा.

धागाकर्तीचे उत्तर

आपण इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. नववीचा हिशेब आम्ही मांडलाच नव्हता. यजमान या आठवड्यात कंपनीकडे कराराच्या मुदतवाढीविषयी लेखी विचारणा करत आहेत, आणि मुलीचे फ्रेंच वर्ग निर्णयाची वाट न पाहता सुरू करायचे आम्ही ठरवले आहे. एक शंका मात्र उरते. पहिली दोन वर्षे इंग्रजी माध्यमात काढून मुदतवाढ मिळाल्यावर तिला थेट सिझियेममध्ये फ्रेंच शाळेत घालता येईल का, आणि असा प्रवेश देताना शाळा भाषेची चाचणी कोणत्या स्तराची घेतात? कोणाच्या मुलाने त्या वयात अशी शाळा बदलली असल्यास जरूर कळवावे.