अनुभव धागा: दुरुस्त करून वापरलेली वस्तू, तुमच्या घरातली कोणती?

शनिपारची

काल मिक्सर गेला. आषाढीच्या आदल्या दिवशी, शेंगदाण्याचं कूट करताना. आधी जळका वास, मग आत निळ्या ठिणग्या, मग गप्पच. सर्व्हिस सेंटरला नेला तर काउंटरवरच्या मुलाने उलटा करूनसुद्धा बघितला नाही. "मॅडम, 11 वर्षं जुना आहे, पार्ट येत नाहीत. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका."

पिशवी उचलली आणि तशीच तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानांत गेले. एका चिंचोळ्या दुकानातल्या काकांनी तळाचे चार स्क्रू काढले, मोटरच्या दोन्ही बाजूंनी दोन काळे तुकडे बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले. "कार्बन संपलाय. मोटर ठणठणीत आहे." जेमतेम नखाएवढे उरले होते. मागून एक बारीक स्प्रिंग त्यांना फिरत्या मोटरवर दाबून धरते, त्यातून करंट आत जातो. घासून घासून ते संपणारच, बदलण्यासाठीच केलेले असतात. मजुरीसकट 100 रुपये झाले.

शेजारी एक मुलगा सोल्डरिंग करत होता. तो धूर नाकात गेला आणि मला आमची रास्ता पेठेतली गॅलरीच दिसायला लागली. रविवारी सकाळी बाबा तिथे पेपर पसरून रेडिओ उघडायचे. पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेडिओचा चौकोन काढायचे आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवायचे. मी टॉर्च धरायची. हात हलला की न बघता म्हणायचे, "बेटा, उजेड." बाबांना जाऊन 9 वर्षं झाली. काल दुकानात काकांनी स्क्रू सांडू नयेत म्हणून झाकणात ठेवले आणि मला तिथे उभं राहवेना.

तुमच्याकडे कोणती वस्तू अशी दुरुस्त करून चालू आहे? किंवा दुरुस्त करणारं माणूस? लिहा ना.

वायरमनदादा

ताई, कार्बन गेला होता हे खरं, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. मिक्सर एकदम बंद पडला तर आधी तळाशी लाल बटण बघा. जास्त भार आला की ते आपोआप बाहेर येतं. 10 मिनिटं थंड होऊ द्या आणि आत दाबा. बरेच मिक्सर त्यानेच चालू होतात. मोटर मिनिटाला 18-20 हजार फेरे मारते, तिला सलग कूट दळायला लावू नका. थांबून थांबून फिरवा.

शनिपारची

लाल बटण दाबून पाहिलं होतं दादा. ठिणग्या दिसल्या तेव्हाच घाबरले.

कर्वेनगरची_मावशी

मग खिचडी झाली का नाही ते सांग आधी

शनिपारची

झाली मावशी! खलबत्त्यात कुटलं कूट. सासूबाई म्हणाल्या, वर्षातून एकदा असंच करत जा, चव निराळी लागते.

नाना_वाडा

आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, मालकांकडे. 1973 ला सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र झालं आणि मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसायला लागलं. गच्चीवरच्या अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे. पावसाळ्यात वाऱ्याने ती फिरायची. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे.

"आलं का?"
"मुंग्या!"
"आता?"
"आलं आलं... गेलं!"

जिन्यातला मी. वय वर्षे 10. निरोप वर पोचवायचा आणि खाली आणायचा. अँटेना ज्यांनी बांधली होती ते गृहस्थ रेडिओ दुरुस्तीवाले, तिसऱ्या पेठेतून सायकलवर यायचे. पैसे घेत नसत, रविवारचा सिनेमा बघायला सगळं कुटुंब घेऊन येत.

वायरमनदादा

नाना, मुंग्या! किती वर्षांनी ऐकला हा शब्द.

आर्या_हिंजवडी

मला या धाग्यावर दुसरी बाजू लिहायची आहे, रागावू नका. माझ्या आईला 2 वर्षांपासून जवळजवळ ऐकू येत नाही. कानातलं यंत्र लावलं की शिट्टी वाजते म्हणून ते डबीतच राहतं. भाच्याने तिच्या फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब नावाचं अ‍ॅप टाकून दिलं आणि भाषा मराठी निवडली. समोरचा माणूस बोलतो ते मोठ्या अक्षरांत उमटतं. नेट चालू ठेवावं लागतं, वेगळे पैसे लागत नाहीत.

आई आता रोज सकाळी भाजीवाल्या मावशींसमोर फोन धरते. त्या "मेथी वीसला जुडी" म्हणाल्या की कधी कधी स्क्रीनवर "मैत्री वीसला जुडी" येतं आणि दोघी हसत सुटतात. गेल्या आठवड्यात आईने त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली. दोन वर्षं ती फक्त बोट दाखवून भाजी घेत होती. मला त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला, पण मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

जुनं टिकलं पाहिजे हे पटतंच. पण हे नवीन मला देवासारखं वाटतं.

शनिपारची

आर्या, रागवायचं कशाला. मैत्री वीसला जुडी! आईंना माझा नमस्कार सांग.

कर्वेनगरची_मावशी

डोळ्यात पाणी आणलंस पोरी. हे माझ्या दिरांच्या फोनवर पण येईल का? त्यांचा साधा आहे, बटणांचा.

आर्या_हिंजवडी

बटणांच्या फोनवर नाही येणार मावशी. अँड्रॉइड लागेल. घरात कोणाचा जुना पडला असेल तर त्यावर वाय-फायने चालेल, सिमकार्ड नसलं तरी.

पराग_दिघी

जुना फोन कपाटातून काढणार असाल तर आधी पाठ बघा!! मागचं झाकण उचललं गेलं असेल, स्क्रीन कडेने वर आली असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. चार्जिंगला अजिबात लावू नका. दाबून बसवू नका, टोचू नका. आत गॅस झालेला असतो, सेल फाटला तर पेट घेतो. आमच्याकडे बाबांच्या उशाखाली तसा फोन होता, रात्रभर चार्जिंगला, वर गोधडी. सकाळी हातात घेतला तर पाव फुगल्यासारखा. आजही आठवलं तरी पोटात गोळा येतो. ओल्या कचऱ्यात तर नाहीच नाही, घंटागाडीत पण टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

मृण्मयी_औंध

+1. आणि 100 टक्के भरून तासन् तास लावून ठेवल्याने, शिवाय गरम जागी ठेवल्याने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. 80 ला काढायची सवय लावा. पोळ्या राहिल्यात, नंतर लिहिते.

मुळशीचा_बापू

आमच्या काकांकडे अजून नोकिया 1100 आहे. 2003 चं मॉडेल. भात लावणीच्या दिवसांत काका पहाटे त्याच्या टॉर्चवर बांध चढतात. दोनदा खाचरात पडला. उघडला, उन्हात ठेवला, चालू. त्याची बीएल-5सी बॅटरी अजून मिळते, कारण छोट्या रेडिओंना तीच लागते. आत्ताच्या माझ्या फोनची पाठ गोंदाने चिकटवलेली. बॅटरी बदलायला गेलो तर म्हणे आधी हीटरवर गरम करावी लागेल, काच फुटली तर जबाबदारी तुमची. बॅटरी बदलणं हे काही ऑपरेशन आहे का? पूर्वी नखाने निघायची.

मी हे मनापासून सांगतो, ज्या वस्तूची बॅटरी मालकाला काढता येत नाही ती वस्तू पूर्ण त्याची नाही.

वायरमनदादा

बापू, एकदम बरोबर. पंख्याचंही तेच झालंय. साधा पंखा हळू फिरायला लागला तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. 2.5 मायक्रोफॅरडचा एवढासा डबा, 50-60 रुपयांत काम. आता लोक बीएलडीसी घेतात, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारी मोटर असलेला पंखा. वीज वाचते हे शंभर टक्के खरं, साधा 75 वॅट खातो, तो 30 च्या आसपास. दिवसभर पंखा चालतो त्या घरी मी स्वतः तोच घ्या सांगतो. पण आतला बोर्ड गेला की मी काही करू शकत नाही. कंपनीचाच बोर्ड, मिळेल तेव्हा. माझ्या एका गिऱ्हाईकाकडे आजी दीड महिना टेबलफॅनवर होत्या, एप्रिलमध्ये. बोर्ड बाजारात सुटा मिळायला पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

नाना_वाडा

खिचडीत बटाटा घालता का तुम्ही लोक?

कर्वेनगरची_मावशी

घालतो. उकडलेला नाही, काचऱ्या तुपात परतून.

मुळशीचा_बापू

बटाटा पाहिजेच. काकडी पण.

मृण्मयी_औंध

आले. आमच्याकडे सासरे 84. नवीन टीव्ही लावला की आधी जाहिरातींचं पान, सिनेमांची चित्रं, आणि बातम्या कुठे ते त्यांना सापडायचं नाही. एक दिवस मी ऑफिसातून आले तर टीव्ही बंद, काळोखात बसलेले. "मला जमत नाही गं," म्हणाले. आयुष्यभर शिक्षक होते. मला ते वाक्य सहन झालं नाही. सेटिंगमध्ये शोधलं, तर टीव्ही चालू केला की सरळ सेट-टॉप बॉक्सच सुरू व्हावा अशी सोय होती. तेवढं केलं. मग रिमोटवर चालू-बंद, आवाज आणि चॅनेल एवढीच बटणं उघडी ठेवून बाकीच्यांवर पांढरी चिकटपट्टी लावली. आता सातला स्वतः लावतात. बऱ्याच टीव्हींना ही सेटिंग असते, घरी म्हातारं माणूस असेल तर आजच बघा.

पराग_दिघी

हे आजच करतो. बाबांसाठी. धन्यवाद.

सुमन_भोसरी

विषय थोडा वेगळा आहे पण फोनचं चाललंय म्हणून. पालख्या पुण्यात होत्या तेव्हा गर्दीत माझा फोन गेला. गेल्या वर्षीची गोष्ट. त्यात लेकीचे बाळपणीचे फोटो. दिवसभर रडले. शेजारच्या मुलाने सांगितलं, पोलीस तक्रार करा आणि त्याच नंबरचं नवीन सिम घेऊन सरकारच्या संचार साथी साइटवर फोन ब्लॉक करा. ही सोय 2023 पासून देशभर आहे. खोक्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, होता म्हणून जमलं. चार महिन्यांनी चौकीतून फोन आला, येऊन घेऊन जा. काच तडकलेली, फोटो सगळे होते.

खोकी टाकू नका. नाहीतर आत्ताच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा आणि नंबर डायरीत लिहून ठेवा.

आर्या_हिंजवडी

लिहिला. आईचा पण.

कर्वेनगरची_मावशी

माझा दोन नंबर दाखवतोय. कुठला लिहू

पराग_दिघी

दोन्ही लिहा मावशी. दोन सिमच्या फोनला दोन असतात.

शनिपारची

सकाळपासून सगळं वाचतेय. मिक्सर छान चाललाय, आज कोथिंबिरीची चटणी केली. काकांनी काढलेले ते जुने कार्बन मी बाबांच्या स्क्रूच्या डब्यात ठेवलेत. डब्यात त्यांच्या हातची एक चिठ्ठी निघाली, "बुश रेडिओ, मागची पट्टी, 3 स्क्रू". रेडिओ नाही आता, स्क्रू आहेत.

शनिवारी परत तपकीर गल्लीत जातेय. आमच्या हॉलचा पंखा मे महिन्यापासून रेंगाळतोय, आता कळलं कशाने. वायरमनदादा, 2.5 चाच ना?

वायरमनदादा

2.5 च. पण जुन्यावर छापलेलं असतं ते वाचून जा ताई. आणि काढताना मेन स्विच बंद करा, नुसतं पंख्याचं बटण नको.

कर्वेनगरची_मावशी

मला पण मिक्सरच्या भांड्याचं रबर आण. मधल्या आकाराचं.

शनिपारची

आणते. भांड्याचा फोटो पाठवा मावशी, वनाजहून मेट्रोने येत असाल तर मंडईलाच भेटू, सिव्हिल कोर्ट स्टेशनला एक गाडी बदलावी लागते फक्त.

कर्वेनगरची_मावशी

येते. अकराला. झाकण घेऊनच येते, फोटोत माप कळत नाही.