अनुभव धागा: क्रॉफ्टच्या मुलखात, वाटाड्यासोबत किनाऱ्याने चालण्याची तयारी

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर आणि बेटांवर, म्हणजे क्रॉफ्टच्या (छोट्या कुळशेतांच्या) मुलखात, वाटाड्यासोबत चालायला आपल्यातले बरेच जण जातात. सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्या इथे नकोत. कुठली तयारी खरोखर कामी आली ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

असिंटमधल्या स्टोअरच्या दीपगृहापासून ‘ओल्ड मॅन ऑफ स्टोअर’पर्यंत गेलो होतो. समुद्रातून सरळ उभा राहिलेला, साधारण 60 मीटरचा कातळ. वाटाड्या बाईंनी आदल्या दिवशी फोन करून प्रत्येकाला विचारलं, “खडबडीत जमिनीवर सलग किती तास चालता?” मग जीन्सला साफ नकार दिला. कारण वाटेत कळलं. वरून हिरवंगार गवत, पाय ठेवला की खाली पीटचा (कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदलीचा) काळा चिखल, थेट घोट्यापर्यंत. जीन्स एकदा भिजली की वाऱ्यात वाळत नाही आणि अंग गार पडत जातं. चटकन वाळणारी पँट, वर गेटर्स (बुटांपासून पोटरीपर्यंत बांधायची आवरणं) आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड, एवढ्यावर दिवस छान गेला.

खाडीकाठ, ग्लासगो
मी मूळचा रत्नागिरीकडचा, त्यामुळे भरती-ओहोटीचं गणित घरचंच. नॉर्थ यूइस्ट बेटाला लागून असलेल्या छोट्या व्हॅले बेटावर ओहोटीत वाळूतून चालत जातात. वाटाड्याने निघायची वेळ घड्याळावर नाही, पाण्यावर ठरवली होती. दोन गोष्टी जरूर बघा. ओहोटी रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणजे कालची वेळ आज चालत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: इथली बरीच भरतीची कोष्टकं ग्रीनिच वेळेत असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. आमच्या वाटाड्याने तो तास मिळवून वेळा कागदावर लिहून प्रत्येकाच्या हातात दिल्या. उधाणाला पाणी दूरवर ओसरतं, पण परततंही झपाट्याने, त्यामुळे परतीची वेळ ठरली की ठरली. बेटावरचं पडकं घर बघत रेंगाळणाऱ्यांना त्याने शब्दशः हाकलत आणलं, आणि ते योग्यच होतं.

गडगा, ॲबर्डीन
मला सांगायचंय ते जमिनीबद्दल. क्रॉफ्ट म्हणजे छोटी, बहुधा कुळाने कसलेली जमीन, सोबत गावाचं सामायिक कुरण. जमीनदारांनी माणसं हुसकावून मेंढ्या आणल्या, त्यावर लोक लढले, आणि 1886च्या कायद्याने कुळांना मनमानीने जमिनीवरून काढता येईनासं झालं. आपला कूळकायदा ज्यांच्या घरात बोलला जातो त्यांना हे लगेच उमगेल. असिंटच्या क्रॉफ्टरांनी तर 1993मध्ये इस्टेटच विकत घेतली. 2003च्या कायद्याने आपल्याला इथे जबाबदारीने चालायचा हक्क आहे, पण ते कुणाचं तरी शेत आहे हे धरूनच तयारी करा.

एप्रिल-मे कोकरांचा हंगाम. आमच्यासमोर नुकतंच जन्मलेलं, अजून ओलं कोकरू लटपटत उभं राहत होतं. वाटाड्याने सगळ्यांना थांबवलं आणि लांबून वळसा घालून नेलं, कारण माणसं जवळ गेली तर मेंढी पिल्लाला टाकून पळू शकते. कुत्रा न्यायचा विचार असेल तर आधी विचारा, आणि या दिवसांत शक्यतो नेऊच नका. फाटक जसं मिळालं तसंच ठेवा: उघडं तर उघडं, बंद तर बंद.

पुणेकर मावशी
वयाच्या साठीनंतर गेले. सिंहगडाने दम तयार होतो, पण ओल्या, उताराच्या गवतावर तोल सांभाळायचा सराव वेगळा. काठ्या दोन घ्या. वाटेत दुकान नाही. दशम्या-चटणी उत्तम टिकते.

रानवारा, इन्व्हर्नेस
वारा पडला की मिज नावाची चिलटं तुटून पडतात, डोक्यावरची जाळी हवीच. गोचिडांसाठी फिक्या रंगाची पँट घाला, पायचे मोज्यांत खोचा. संध्याकाळी गुडघ्यामागे आणि जांघेत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं अजिबात नको. फोनला रेंज नसेल हे धरून चाला. किनाऱ्यावर अडचण आलीच तर 999 लावून कोस्टगार्ड मागायचं.

नवीन सभासद
एकेरी रस्त्यावरच्या ‘पासिंग प्लेस’मध्ये (समोरच्या गाडीला वाट द्यायच्या रुंद जागेत) गाडी लावून चालायला जाऊ नका, ही विनंती. गुरांची गाडी अडकते. आम्ही ऑगस्टमध्ये लुईस बेटावर जातोय, सोबत आठ वर्षांची मुलगी आहे. मुलांना घेऊन कुणी गेलं असेल तर किती अंतर झेपतं ते लिहाल का?