मदत हवी आहे : हार्ट पंप बसवल्यावर घरी रोजचं आयुष्य कसं असतं?

शेवंती

नमस्कार. बाबांना एलव्हीएडी, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त खेचून महाधमनीत सोडणारा पंप, बसवायचं नक्की झालं आहे. मॉडेल हार्टमेट ३. प्रत्यारोपणाचा विचार नाही, त्यामुळे पंप कायमचाच. ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनी नीट समजावलं आहे, मला घरी आल्यानंतरचं विचारायचं आहे. वीज गेली तर काय? अंघोळ, झोप, बाहेर पडणं जमतं का? चोवीस तास कुणीतरी जवळ लागतं का? नेमकी माहिती असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दीपमाळ

शेवंती, आधी विजेचं सांगते, कारण घरातल्या बाकीच्या सवयी त्याभोवतीच लावून घ्याव्या लागतात.

पंप छातीत असतो, त्याला चालवणारा कंट्रोलर बाहेर कमरेला. पोटातून बाहेर येणारी केबल या दोघांना जोडते, तिला ड्राइव्हलाइन म्हणतात. कंट्रोलरला वीजपुरवठ्याच्या दोन वायरी असतात, एक पांढरी आणि एक काळी, आणि दिवसा प्रत्येकीला एकेक बॅटरी. नवी, पूर्ण भरलेली जोडी १७ तासांपर्यंत चालते, जुनी होत जाते तसा वेळ कमी होतो. एका बॅटरीचं वजन साधारण अर्धा किलो.

दोन्ही वायरी एकाच वेळी कधीही सुट्या करायच्या नाहीत. बॅटरी बदलताना बाबांनी बसून घ्यायचं. भरलेल्या दोन बॅटऱ्या आधी हाताशी ठेवायच्या आणि त्यांवरचं बटण दाबून चारही दिवे लागतात ना ते पाहायचं. मग एकाच बाजूची काढायची. अलार्म वाजेल, तो वाजायलाच हवा. बाणाच्या खुणा जुळवून नवी बॅटरी क्लिपमध्ये सरकवायची, खट् आवाज आला की हलकं ओढून पाहायचं. अलार्म थांबल्यावरच दुसऱ्या बाजूला हात लावायचा. चुका होतात त्या फोनवर बोलता बोलता किंवा अंधारात बदलताना.

रात्री झोपताना भिंतीच्या विजेवरचं युनिट लावायचं, कारण गाढ झोपेत बॅटरी उतरल्याचा अलार्म ऐकू येईलच असं नाही. बटणाने बंद होणारं सॉकेट यासाठी वापरू नये. कुणीतरी सवयीने बटण बंद करतं आणि अलार्म सुरू होतो. घरात तसंच सॉकेट असेल तर इलेक्ट्रिशियनकडून थेट जोडणी करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डही नको. वीज गेली तर कंट्रोलरमधली आणीबाणीची छोटी बॅटरी सुमारे १५ मिनिटं पंप चालवते. तेवढ्यात दोन्ही वायरी एकेक करून बॅटऱ्यांवर घ्यायच्या. म्हणून इन्व्हर्टर असला तरी उशाशी भरलेल्या दोन बॅटऱ्या आणि एक टॉर्च हवीच. वीज बराच काळ गेली तर चार्जर कुठे लावता येईल, ते ठिकाण आत्ताच ठरवून ठेवा. चार्जरमध्ये एका वेळी चार बॅटऱ्या बसतात आणि त्या भरायला साधारण चार तास लागतात.

बाहेर जाताना, अगदी कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी, सुटी पिशवी बरोबर असावी : दुसरा कंट्रोलर, भरलेल्या दोन बॅटऱ्या, त्यांच्या क्लिपा. ती डिकीत किंवा विमानाच्या चेक-इन सामानात जाता कामा नये.

कुंपण

दीपमाळ यांनी विजेचं लिहिलंच आहे. मी केबल जिथून बाहेर येते त्या जागेबद्दल लिहितो. माझ्या मते पंपानंतरचे दिवस बरे जातात की वाईट, हे बरंचसं या दोन बोटांच्या जागेवर ठरतं.

केबलच्या आतल्या भागावर मखमलीसारखं आवरण असतं. शरीरातल्या ऊती त्यात वाढून केबलला धरून ठेवतात. हिसका बसला की ही पकड तुटते, बारीकशी फट राहते आणि जंतू तिथून आत शिरतात. स्वच्छता कितीही चोख असली तरी ओढ बसत राहिली तर जखम चिघळते. हिसके बसतात ते अशा वेळी : कंट्रोलर मांडीवरून घसरतो, केबल दाराच्या कडीत अडकते, लहान मूल येऊन बिलगतं, शौचालयात पट्टा सोडल्यावर कंट्रोलर खाली पडतो. केबल पोटावर चिकटवून ठेवणारा अँकर सुटा झाला असेल तर पुढच्या ड्रेसिंगची वाट बघू नका, लगेच बदला.

ड्रेसिंग किती दिवसांनी करायचं ते तुमचं केंद्र, म्हणजे पंप बसवणारं हॉस्पिटल, सांगेल. करताना पंखा बंद, दार बंद, दोघांच्याही तोंडाला मास्क. साध्या हातमोज्यांनी जुनं ड्रेसिंग काढायचं, हात पुन्हा धुवायचे, मग निर्जंतुक मोजे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने केबलच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने पुसत जायचं, पुसलेला बोळा परत आत आणायचा नाही. ते आपोआप वाळू द्यायचं, फुंकर नको. ओल्या त्वचेवर पट्टी लावली की त्वचा सोलवटते. पावडर, हळद, घरातलं कुठलंही मलम नको. लाली वाढली, पाणी किंवा पू आला, दाबल्यावर दुखायला लागलं किंवा ताप आला, तर फोटो काढून त्याच दिवशी पाठवा.

अंघोळ : जागा पूर्ण भरून आल्यावर, केंद्राने परवानगी दिल्यावर, कंट्रोलर आणि बॅटऱ्या खास शॉवर-बॅगेत ठेवून. तोवर ओल्या कपड्याने अंग पुसणं. टबात बसणं आणि पोहणं कायमचं बंद. पालथं झोपायचं नाही. एमआरआय कधीच नाही, सीटी स्कॅन चालतो.

शेवंती

खूप आभार. आणखी एक. नाडी लागत नाही म्हणतात, मग घरचं बीपी मशीन आणि ऑक्सिमीटर उपयोगी पडतात का? रोज काय लिहून ठेवायचं?

दीपमाळ

पंप रक्त सलग ढकलतो, त्यामुळे नाडी मंद लागते किंवा लागतच नाही. हार्टमेट ३ दर दोन सेकंदांनी वेग थोडा बदलतो, पण मनगटावर बोट ठेवून मोजता यावी अशी नाडी त्याने तयार होत नाही. घरचं मशीन बरेचदा आकडा देतच नाही, ऑक्सिमीटरचा आकडाही भरवशाचा नसतो. खात्रीचं मोजमाप हाताच्या पट्ट्यासोबत डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र, लावून होतं. सरासरी दाब साधारण ७० ते ९० मध्ये ठेवतात. तो वाढला की पंपाला त्याच वेगात कमी रक्त पुढे ढकलता येतं आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. म्हणून बीपीची गोळी चुकवू नका.

रोज सकाळी वजन आणि कंट्रोलरवरचे चार आकडे वहीत लिहा : वेग, प्रवाह, पॉवर, पल्सॅटिलिटी इंडेक्स (ठोक्यागणिक प्रवाह किती कमीजास्त होतो त्याचा आकडा). एका दिवसाच्या आकड्यापेक्षा बाबांचा नेहमीचा आकडा कुठून कुठे सरकतोय ते महत्त्वाचं. प्रवाह मिनिटाला २.५ लिटरच्या खाली गेला की अलार्म होतो. नेहमीचं कारण म्हणजे पाणी कमी पडणं : जुलाब, उलटी, उन्हाळा, मूत्रल गोळीचा जादा डोस. डावा कप्पा पुरेसा भरला नाही की त्याची भिंत पंपाच्या तोंडाकडे ओढली जाते आणि ठोके बिघडतात. रक्तस्राव, वाढलेलं बीपी, उजव्या बाजूचं हृदय थकणं हीही कारणं असतात. पंप फक्त डाव्या बाजूला मदत करतो, त्यामुळे पाय सुजले, पोट फुगलं, दिवसात एक-दीड किलो वजन वाढलं तर कळवायचं. पाणी किती प्यायचं हे म्हणूनच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन कायम, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) सहसा २ ते ३. २०२३ मध्ये आलेल्या एरीस चाचणीत हार्टमेट ३ च्या रुग्णांना ॲस्पिरिन न देता रक्तस्राव कमी झाला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. बाबांना ॲस्पिरिन लिहून दिली तर का, ते जरूर विचारा. पंपातून जाताना रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचे तुकडे होतात, म्हणून आतड्यातून रक्त जाणं ही नेहमीची तक्रार. काळी चिकट शौच दिसली की त्याच दिवशी फोन. लघवी कोलासारखी गडद झाली तर पंपात गुठळीची शंका, तेव्हाही थांबायचं नाही. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन या दुखण्यावरच्या गोळ्या घरातून काढून टाका. कुणीही नवं अँटिबायोटिक दिलं तर आयएनआर लवकर तपासा.

वाटाड्या

चोवीस तास माणूस लागतं का, हे राहिलंच. सुरुवातीचे काही आठवडे लागतं. पुढे बाबांनी स्वतः बॅटरी बदलणं, अलार्म ओळखणं, वही लिहिणं शिकलं की तासन्‌तास एकटं राहता येतं. घरचे लोक प्रेमापोटी सगळं स्वतःच करतात आणि माणूस पेशंटच राहतो, हे फार पाहायला मिळतं. दवाखान्यातूनच बॅटरी त्यांच्या हातात द्या. धाप बरीच कमी होते, जिने चढता येतात, चालणं वाढतं. पण केबलची सतत जाणीव, रात्री झोप तुटणं, चिडचिड, उदासी हेही येतं आणि त्यावर उपचार आहेत, समुपदेशक आधीच मागून घ्या. मोमेंटम ३ चाचणीत हार्टमेट ३ बसवलेल्यांपैकी ५ वर्षांनी सुमारे ५८ टक्के हयात होते. हे बाबांशी मोकळेपणाने बोला. आयसीयूत किती उपचार हवेत, कधी नकोत, हे त्यांनी शुद्धीत असताना सांगितलेलं बरं.

कुंपण

एक महत्त्वाचं राहिलं. बाबा बेशुद्ध पडले तर नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. आधी श्वास पाहा, छातीला कान लावून पंपाची घरघर ऐका, केबल आणि दोन्ही वायरी जोडलेल्या आहेत का बघा. रुग्णवाहिका बोलवा, पंप-केंद्राला फोन लावा. श्वास नाही, पंपाचा आवाज नाही आणि जोडूनही तो सुरू होत नसेल, तर छाती दाबायला सुरुवात करा. शॉक देताना केबल सोडायची गरज नसते. तुमच्या केंद्राच्या सूचना एका कार्डावर लिहून घ्या, त्यावर चोवीस तास चालणारा नंबर टाका आणि ते कार्ड कंट्रोलरच्या पिशवीला बांधा. रुग्णवाहिकेतल्या माणसाने असा पंप कधी पाहिला नसण्याचीच शक्यता जास्त.