मदत हवी आहे: भांडुपच्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण, कलम 127 ची नोटीस द्यावी का?

नमस्कार मंडळी, भांडुपला आमच्या काकांचा छोटा प्लॉट आहे, त्यावर जुनं बैठं घर, आणि 1991 च्या डीपीपासून (शहराच्या विकास आराखड्यापासून) त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलंय. मैदान काही झालं नाही, पैसेही मिळाले नाहीत, पण काकांना साधी वरती खोली चढवायची परवानगीसुद्धा मिळत नाही. म्हणजे जागा आमची, कर आम्ही भरायचा आणि वापरायची मात्र नाही, हा काय प्रकार आहे!

एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा 1966 च्या कलम 127 मध्ये असं आहे की प्लॅन लागू होऊन 10 वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नंतर 24 महिन्यांत (आधी 12 होते, 2015 च्या दुरुस्तीने वाढवले) संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. पण तेच आरक्षण 2018 ला लागू झालेल्या डीपी 2034 मध्ये पुन्हा तसंच आलंय. मग 10 वर्षं नव्याने मोजायची का, म्हणजे 2028 पर्यंत गप्प बसायचं?

दुसरं, एक ओळखीचे म्हणतात टीडीआर (पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या आणि मोकळे व्हा. पण काकांना रोख मोबदला हवाय, तो 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मागता येतो का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, आणि अशा केसेस करणारे चांगले वकील माहीत असतील तर इनबॉक्स करा.