‘सॉरी, राँग नंबर’ पडद्यावर आणायलाच नको होते का?

श्रवणवेडा (धागालेखक):
अमेरिकेत सीबीएस रेडिओवर १९४२ ते १९६२ या काळात चाललेल्या ‘सस्पेन्स’ मालिकेत ल्युसिल फ्लेचर यांची ही अर्ध्या तासाची श्रुतिका २५ मे १९४३ रोजी प्रथम प्रसारित झाली. नभोवाणीवरील रहस्यनाट्याने याहून वरची पायरी गाठल्याचे मला तरी ठाऊक नाही. (पुढे शेवट उघड केला आहे.) अंथरुणाला खिळलेली मिसेस स्टीव्हन्सन नवऱ्याच्या कचेरीचा नंबर लावत असताना भलत्याच दोघांचे बोलणे मध्ये घुसते आणि रात्री सव्वाअकराला, पुलावरून आगगाडी धडधडत जात असताना, एका बाईचा खून करण्याचा बेत तिच्या कानावर पडतो. त्यानंतर ती ऑपरेटरपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना फोन करत सुटते. ती बाई म्हणजे खुद्द तीच असते. तिला जेवढे ऐकू येते तेवढेच श्रोत्याला कळते, आणि त्यामुळे तिची असहायता आपलीही होऊन बसते. १९४८ साली दिग्दर्शक अनातोल लिटवाक यांनी यावर चित्रपट केला, तेव्हा कॅमेरा त्या खोलीबाहेर पडला आणि ही कोंडीच फुटली.

पटकथाप्रेमी:
साफ असहमत. चित्रपटाची पटकथा फ्लेचर यांनीच लिहिली आहे, हे आपण विसरता. श्रुतिकेत सुपारी देणाऱ्याचा उल्लेख केवळ ‘अशील’ म्हणून येतो. नवऱ्याविषयी आपण फक्त तर्क करायचा. चित्रपटात हा हेन्री सासऱ्याच्या मिंधेपणात कसा कुजत गेला आणि खुनापर्यंत कसा पोहोचला, हे समजते. शेवटी तोच फोनवरून बायकोला ‘खिडकीशी जा, ओरड’ म्हणून विनवतो, तेव्हा शोकांतिका दोघांची होते. बार्बरा स्टॅनविक यांना बायकोच्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, ते उगाच नव्हे.

ध्वनिवेध:
माध्यमाचे श्रेय आपण दोघेही फार मोठे करता. खरे श्रेय श्रुतिकेत मिसेस स्टीव्हन्सन झालेल्या ॲग्नेस मूरहेड यांचे आहे. सुरुवातीला ऑपरेटरवर डाफरणारा त्यांचा तुसडा स्वर हळूहळू चिरकत जातो, शब्द एकमेकांवर आदळू लागतात आणि अखेरीस नुसता श्वास उरतो. ‘सस्पेन्स’वर ही भूमिका त्यांनी पुन्हा पुन्हा केली, अगदी १९६० पर्यंत. हीच संहिता सपाट आवाजात वाचून पाहावी. बाई नुसती कटकटी वाटेल.

श्रवणवेडा:
मूरहेड यांच्याबद्दल दुमत नाही. पण तो आवाज एवढा चढू शकतो, कारण त्याच्याशी स्पर्धा करायला पडद्यावर काहीच नसते. पटकथाप्रेमी, नवऱ्याचा हेतू समजला की आपण त्याच्याविषयी विचार करू लागतो आणि तेवढा वेळ तिला एकटीला सोडून देतो. शिवाय दोन्ही शेवट ताडून पाहा. चित्रपटात मारेकरी ‘सॉरी, राँग नंबर’ हे तीन शब्द नवऱ्याला ऐकवतो. श्रुतिकेत तिने लावलेला पोलिसांचा फोन अखेर उचलला जातो, सार्जंट बोलू लागतो, आणि राँग नंबर लागल्याचे सांगून मारेकरी त्यालाच वाटेला लावतो. मदत तारेच्या दुसऱ्या टोकाशी येऊन परत गेली, हे दुःख मला त्या नवऱ्याच्या पश्चात्तापापेक्षा कितीतरी मोठे वाटते.

पटकथाप्रेमी:
श्रुतिकेचा शेवट अधिक जीवघेणा आहे, एवढे मान्य. हेन्रीवाचून मात्र ती कथा मला अजूनही अर्धीच वाटते.